‘गँग’ या शब्दाचा अर्थेतिहास : मनमाडच्या संदर्भात

रेमंड विल्यम्स यांच्या ‘कीवर्ड्‌स’ (१९७६) या ग्रंथानंतर शब्दांच्या अर्थेतिहासातून समाजेतिहास वाचण्याची पद्धत समीक्षेत रूढ झाली. मात्र या पद्धतीचे लक्ष बहुधा ‘संस्कृती’, ‘वर्ग’, ‘कला’ अशा वैचारिक संज्ञांवरच राहिले. कामाच्या जागी रुळलेले शब्द त्या मानाने उपेक्षित राहिले. मराठीने इंग्रजीतून घेतलेला ‘गँग’ हा असाच एक शब्द होय.

या शब्दाचा मूळ अर्थ जमाव असा नाही. जुन्या इंग्रजीत ‘गँग’ म्हणजे चालणे, प्रवास, वाट. स्कॉटिश बोलीत ‘जाणे’ या अर्थाचे क्रियापद म्हणून तो टिकून राहिला आणि जहाजावरील ‘गँगवे’मध्येही तोच अर्थ आहे. ‘गमन’शी त्याचे ध्वनिसाम्य फसवे आहे, व्युत्पत्तिशास्त्रानुसार त्याचे नाते संस्कृत ‘जङ्घा’शी, म्हणजे आपल्या ‘जांघे’शी, जुळते. मराठीत ‘परसाकडे जाणे’ असा आडवळणी प्रयोग होतो, तसाच ‘जाण्याची जागा’ या अर्थाने हा शब्द इंग्रजीत शौचकूपालाही लागला. ट्यूडरकालीन लंडनमध्ये रात्री मैला उपसणाऱ्याला ‘गाँग-फार्मर’ म्हणत. पुढे बरोबर चालणाऱ्या वस्तूंचा संच, विशेषतः हत्यारांचा संच, असा अर्थ आला. आणि सतराव्या शतकात तोच शब्द मजुरांच्या समूहाला लावला गेला. हत्यारांवरून माणसांवर झालेले हे अर्थसंक्रमण सूचक आहे. कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत गुलामांची शारीरिक कुवतीनुसार पहिली, दुसरी, तिसरी ‘गँग’ अशी वाटणी होई. तेथे या शब्दात मोजदादीचा आणि मुकादमीचा अर्थ पक्का झाला.

हिंदुस्थानात हा शब्द दोन वाटांनी आला. पहिली वाट कायद्याची. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ४०० व ४०१ या कलमांनी दरोडेखोरांच्या व चोरांच्या ‘गँग’चा घटक असणे हाच गुन्हा ठरविला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ‘ट्राइब’, ‘गँग’ आणि ‘क्लास’ हे तीन शब्द एका ओळीत बसविले. परिणामी जन्माने मिळणारी जमात आणि गुन्ह्यासाठी जमलेली टोळी यांतील भेद शासकीय भाषेत पुसट झाला. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही लागू झाली. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’तील (१९५९) हजेरीचा जाच हा या पुसलेल्या भेदाचाच परिणाम आहे.

दुसरी वाट लोहमार्गाची. रुळांच्या ठरावीक लांबीची देखभाल करणारी तुकडी म्हणजे ‘गँग’ आणि तिच्यातला मजूर म्हणजे ‘गँगमन’. पहार, फावडे, घमेले घेऊन खडी सारखी करणे, स्लीपर बदलणे, रूळ सरळ राखणे हे त्याचे काम. मराठीत ‘टोळी’ हा शब्द होता. ऊसतोड कामगारांच्या समूहाला आजही तोच लागतो. तरीही रेल्वेच्या परिसरात ‘गँग’च रूढ झाली, कारण ती केवळ समूहवाचक संज्ञा नव्हती; हजेरीपटावरील ती एक पायरी होती.

या पायरीचा जातीय आशय मनमाडला जाहीरपणे मांडला गेला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे हे जंक्शन १८७८ मध्ये दौंडशी जोडले गेले आणि रेल्वे कामगारांचे मोठे केंद्र बनले. तेथे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी या रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे प्रतिपादन केले, हे सर्वश्रुत आहे. त्याच भाषणातील गँगमनचा संदर्भ मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच उरतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्याला पोर्टरची जागाही सहसा मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात आणि तेथे विटाळ आड येतो. वेगळ्या परिषदेने कामगारांत फूट पडते, या आक्षेपालाही त्यांचे उत्तर होते : फूट आधीच आहे, आणि ती जातीच्या आधारे मिळणाऱ्या सवलतींनी पाडली आहे.

येथे शब्दाच्या इतिहासातील विरोध स्पष्ट होतो. ज्या शब्दाचा मूलार्थ ‘जाणे’ असा होता, तो मनमाडच्या कामगारासाठी जिथून पुढे जाता येत नाही अशा स्थितीचे नाव झाला. हा अर्थ इंग्रजी कोशात सापडणार नाही, कारण तो भाषेने घडविलेला नसून जातिव्यवस्थेने त्या शब्दावर लादलेला आहे. उसना शब्द मराठीत येतो तेव्हा मूळ भाषेतील अर्थांची केवळ बेरीज होत नाही. येथील उतरंड त्या शब्दाचा ताबा घेते.

गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. रेल्वेच्या दफ्तरात ‘गँगमन’च्या जागी ‘ट्रॅकमन’ आणि पुढे ‘ट्रॅक मेंटेनर’ ही पदनामे आली. दरम्यान महाविद्यालयीन मुलांनी मित्रमंडळाला ‘आमची गँग’ म्हणायला आरंभ केला आणि शब्दाला जिव्हाळाही लाभला. अर्थविस्ताराचे हे उदाहरण म्हणून नोंदवून थांबणे सोपे आहे. परंतु हा शब्द स्वतःहून धारण करणारे कोण आणि ज्यांच्यावर तो लिहिला गेला ते कोण, हा प्रश्न अर्थविज्ञानाच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही. दलित व भटक्या-विमुक्तांच्या लेखनातील इंग्रजी शब्दांकडे ‘बोलीतील सरमिसळ’ म्हणून पाहणाऱ्या शैलीविचाराने तरी हा प्रश्न टाळू नये. त्या लेखनात असे शब्द भाषिक रंगासाठी आलेले नसतात. हजेरीपट, फौजदारी कलम आणि पदनाम यांच्या वाटेने ते त्या आयुष्यांत शिरलेले असतात.