कोंबडीच्या कातडीचा इतिहास

कसालच्या परड्यात घरची कोंबडी कापली की तिला कढत पाण्यात बुडवून पिसे उपटितात व उरलेली लव चुडताच्या जाळावर होरपळतात. मग पुष्कळदा पिवळी कातडी दिसते. तिला आम्ही केवळ चरबीचे लक्षण समजत आलो. वस्तुतः ती वंशाची खूण होय. डार्विनाने १८६८ साली पाळीव कोंबड्यांचे मूळ एकट्या लाल रानकोंबड्यात मानिले. परंतु हा पिवळेपणा करड्या रानकोंबड्याकडून आला, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००८ साली दाखविले. आणि तो करडा तर आमच्या सह्याद्रीचाही रहिवासी! आता बाजारात कोंबडी कातडीसकट सोलून मिळते. वड्यांची चव त्याने उणावत नाही. पण पिसांखालचे हे जुने पान न वाचताच फेकले जाते.