पोर्टलवरील हवामान : सेवा कशी निवडावी?

छत्रपती संभाजीनगर : तापमान आणि पावसाचा अंदाज दाखविणारी लहानशी चौकट आज अनेक मराठी पोर्टलवर दिसते. तिच्यावर विसंबून कोणी पेरणी लांबवितो, तर कोणी वेरूळची सहल पुढे ढकलतो. त्यामुळे तिच्यासाठी माहिती पुरविणारी सेवा पारखूनच घेतली पाहिजे.

गाव नेमके कोणते?
या शहराचे नाव २०२३ मध्ये बदलले. मात्र परदेशी सेवांच्या यादीत जुने नाव आढळू शकते. औरंगाबाद नावाचे शहर बिहारमध्येही आहे. केवळ नावाने माहिती मागविल्यास बिहारचे तापमान मराठवाड्याच्या नावाखाली झळकण्याचा धोका असतो. म्हणून अक्षांश १९.८८ उत्तर आणि रेखांश ७५.३४ पूर्व देऊनच माहिती मागवावी.

नोंद की गणित?
चिकलठाणा येथील वेधशाळेत मोजलेले तापमान ही नोंद होय. अनेक खासगी सेवा ‘सध्याचे तापमान’ म्हणून संगणकीय प्रारूपातून काढलेला आकडा देतात. अमेरिकेच्या ‘जीएफएस’ प्रारूपाची खुली माहिती ०.२५ अंशाच्या, म्हणजे सुमारे २८ किलोमीटरच्या चौकोनांत मिळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली व मे २०२५ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ६ किलोमीटरपर्यंत पोहोचते. चौकोन जितका लहान, तितका स्थानिक फरक टिपण्यास वाव अधिक.

पावसाच्या आकड्यांत आणखी एक मेख आहे. भारतीय हवामान विभागाचे चोवीस तास सकाळी साडेआठला संपतात. परदेशी सेवेचा दिवस बहुधा मध्यरात्री, तोही कधी ग्रीनिच वेळेनुसार, बदलतो. त्यामुळे दोन्ही आकडे बरोबर असूनही जुळत नाहीत. तापमान व वाऱ्याची एककेही तपासावीत.

इशारा अधिकृतच हवा
पिवळा, नारिंगी व लाल इशारा हवामान विभागाकडूनच घ्यावा. विभागाच्या व्याख्येनुसार चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, तर २०४.५ मिलिमीटरपासून ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरला जातो. खासगी सेवेच्या आकड्यावरून पोर्टलने स्वतः असे इशारे रचू नयेत.

फुकट म्हणजे किती?
काही सेवा मर्यादित वापरासाठी विनामूल्य असतात. ‘ओपन-मेटिओ’ची मोफत सेवा अव्यावसायिक वापरापुरती आहे, जाहिराती असलेले पोर्टल त्यात बसत नाही. नॉर्वेच्या हवामान संस्थेची माहिती स्रोताचा उल्लेख करून व्यावसायिक कामासाठीही वापरता येते. मात्र माहिती मागविणाऱ्याने आपली ओळख द्यावी लागते.

प्रत्येक वाचकासाठी स्वतंत्र मागणी पाठविणे टाळावे. जिल्ह्यातील नऊ तालुक्यांची माहिती दर पंधरा मिनिटांनी एकदाच घेऊन साठविली, तर दिवसाला ८६४ मागण्या पुरतात, मग वाचक शंभर असोत वा लाख.

सेवा बंद पडली तर?
ही शक्यता काल्पनिक नाही. गुगलची अनधिकृतपणे वापरली जाणारी हवामान सुविधा २०१२ मध्ये बंद झाली. ‘वेदर अंडरग्राउंड’ने २०१८ अखेर आपली सार्वजनिक सेवा थांबविली. ‘डार्क स्काय’ २०२० मध्ये अ‍ॅपलने विकत घेतली आणि तिची माहितीसेवा मार्च २०२३ अखेर संपली. या सेवांवर उभारलेल्या असंख्य चौकटी त्याबरोबर कोलमडल्या.

यावर उपाय म्हणजे पोर्टलने माहिती स्वतःच्या साच्यात उतरवून घ्यावी आणि चौकट त्या साच्यावरच चालवावी. मग सेवा बदलली, तरी केवळ जोडणी बदलावी लागते. दुसरी सेवा आधीच हेरून ठेवावी. माहिती येणे थांबल्यास जुना आकडा ताजा म्हणून दाखवू नये. माहितीची वेळ आणि स्रोत चौकटीतच छापावा. कालचे ऊन आजचे म्हणून दाखविणाऱ्या चौकटीपेक्षा ‘माहिती उपलब्ध नाही’ असे सांगणारी चौकट वाचकाच्या अधिक उपयोगाची.