परक्याचें स्वातंत्र्य आणि कायद्याचें राज्य

राजसत्ता भयभीत झाली म्हणजे तिचा हात प्रथम दुबळ्यावर पडतो. परकी मनुष्य तर सर्वांत दुबळा. त्याला मताचा अधिकार नाहीं, भोंवतीं गणगोत नाहीं, आणि कायदेमंडळांत त्याचा कैवार घेणाराही सहसा कोणी नसतो. म्हणून एखाद्या देशांत कायद्याचें राज्य कितपत रुजलें आहे हें पाहावयाचें असेल, तर संकटकाळीं तेथें परक्याला न्याय मिळतो कीं नाहीं, हें पाहावें. इंग्लंडला ही कसोटी या शतकाच्या आरंभीं लागली.

११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत भीषण हत्याकांड झालें. त्याच वर्षीं डिसेंबरांत ब्रिटिश पार्लमेंटनें दहशतवादविरोधी कायदा घाईघाईनें संमत केला. सरकारपुढील अडचण खरी होती. संशयित परकीयास स्वदेशीं धाडावें, तर तेथें त्याचा छळ होण्याचें भय. जेथें छळाचा खरा धोका आहे तेथें कोणासही धाडतां येणार नाहीं, असा निर्णय स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें १९९६ सालीं चहल या शीख गृहस्थाच्या प्रकरणांत दिलेला होता. खटला भरावा, तर हातीं असलेली माहिती उघड न्यायालयांत मांडण्याजोगी नाहीं, असें सरकारचें म्हणणें. तेव्हां तोड काढली ती अशी: गृहमंत्र्यानें संशयाचा दाखला द्यावा आणि त्या परकीयास खटल्यावांचून, मुदतीवांचून अटकेंत ठेवावें. अशा कित्येकांना लंडनच्या बेलमार्श तुरुंगांत कोंडण्यांत आलें. विशेष न्यायमंडळापुढें त्यांना दाद मागतां येई. परंतु गुप्त पुरावा त्यांना किंवा त्यांच्या वकिलांना पाहावयास मिळत नसे.

हें प्रकरण अखेर उमरावसभेच्या न्यायपीठापुढें गेलें. अशा कामीं सामान्यतः पांच न्यायाधीश बसत. या वेळीं नऊ बसले. १६ डिसेंबर २००४ रोजीं आठ विरुद्ध एक अशा मतांनीं सरकार हरलें. लॉर्ड बिंगहॅम यांचा युक्तिवाद साधा व अभेद्य होता. धोका जर ब्रिटिश नागरिकांपासूनही आहे आणि त्यांना मोकळें ठेवूनही राज्य चालतें, तर केवळ परकीयांनाच कोंडण्याची आवश्यकता कशी सिद्ध होते? शिवाय, हा परकी मनुष्य स्वेच्छेनें देश सोडून जावयास मोकळा होता. तो खरोखर इतका घातकी असेल, तर त्याला दुसऱ्या देशीं जाऊं देणें कोणत्या शहाणपणाचें? लॉर्ड हॉफमन यांनीं तर राष्ट्राच्या जीविताला खरा धोका दहशतीपासून नसून असल्या कायद्यांपासूनच आहे, असें बजावलें.

या निर्णयामागें एक जुनी परंपरा उभी होती. १९४१ सालीं, महायुद्ध ऐन भरांत असतां, विनाचौकशी अटकेच्या एका प्रकरणांत लॉर्ड ॲटकिन यांनीं एकट्यानें सरकारविरुद्ध मत दिलें होतें. त्या वेळीं तें एकाकी ठरलें. पुढें मात्र तेंच न्याय्य म्हणून मान्य झालें.

निकालानें तुरुंगाचीं दारें तत्काळ उघडलीं नाहींत. पार्लमेंटचा कायदा रद्द करण्याची सत्ता त्या न्यायालयास नव्हती. मार्च २००५ मध्यें नवा कायदा झाला व अटकेच्या जागीं हालचालींवर निर्बंध आले. तेही जाचक होते, परंतु नागरिक व परकी यांना सारखेच लागू होते. पुढें ७ जुलै २००५ रोजीं लंडनमध्यें स्फोट होऊन ५२ निरपराध माणसें मेलीं. स्फोट घडविणाऱ्या चौघांपैकीं तिघे ब्रिटनमध्येंच जन्मलेले होते. धोका पारपत्र पाहून येत नाहीं, हें न्यायाधीशांचें म्हणणें असें दारुण रीतीनें खरें ठरलें.

भारताच्या घटनेंतील एकविसावें कलम जीविताचें व स्वातंत्र्याचें रक्षण केवळ ‘नागरिका’स नव्हे, तर ‘व्यक्ती’स देतें. त्याच आधारें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं अरुणाचल प्रदेशांतील चकमा निर्वासितांचें रक्षण करण्याची आज्ञा तेथील सरकारास दिली. तथापि त्याच घटनेनें प्रतिबंधक स्थानबद्धतेसही वाव ठेवलेला आहे. म्हणून या एका शब्दाची राखण जागरूकपणें करावी लागते. आज परक्यासाठीं केलेली बेडी उद्यां घरच्यांच्याही पायांत बसते.