बाण नेमका कुणाकडे? डायग्राममध्ये डेटाची दिशा दाखवताना होणारा घोळ आणि तो कसा टाळायचा

वर्सोवा कोळीवाड्यात बोंबलाचा एक वाटा घेतला. २०० रुपये झाले. टोपलीजवळचा क्यूआर कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि साउंडबॉक्स बोलला. सगळं काही सेकंदांत उरकलं.

आता हेच चित्रात दाखवायचं म्हटलं, तर बहुतेक जण दोन चौकोन काढतात. एकात 'ग्राहक', दुसऱ्यात 'विक्रेती' आणि मध्ये एक बाण. 'यूपीआय कसं चालतं' सांगणाऱ्या पोस्टमध्येही असंच चित्र सर्रास दिसतं.

अडचण अशी की, त्या बाणातून नेमकं काय गेलं ते कळत नाही. पैसे की माहिती? पैसे ग्राहकाकडून विक्रेतीकडे जातात. पण कोड स्कॅन करताना माहिती उलटी येते. विक्रेतीचा यूपीआय आयडी त्या कोडमधून ग्राहकाच्या फोनमध्ये शिरतो. म्हणजे पहिल्याच पायरीला पैशांचा बाण एकीकडे आणि डेटाचा बाण दुसरीकडे!

खरा प्रवास कसा होतो?

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. ते चालवणारी एनपीसीआय ही संस्था मुंबईचीच. ग्राहकाने पिन टाकला की विनंती त्याच्या ॲपमागच्या बँकेमार्फत एनपीसीआयकडे जाते. एनपीसीआय ग्राहकाचं खातं असलेल्या बँकेला विचारते. ती बँक पिन तपासते, खात्यातून रक्कम वजा करते आणि 'झालं' असं उत्तर पाठवते. मग एनपीसीआय विक्रेतीच्या बँकेला रक्कम जमा करायला सांगते. तिकडूनही उत्तर येतं आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना निरोप जातो. साउंडबॉक्सला खबर मिळते ती पेमेंट कंपनीच्या सर्व्हरकडून. ग्राहकाचा फोन त्याच्याशी काहीच बोलत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. दोन्ही खात्यांतले आकडे लगेच बदलतात, पण बँकांचा आपसातला हिशेब रिझर्व्ह बँकेकडे नंतर, दिवसातून अनेक फेऱ्यांमध्ये मिटतो. म्हणजे या चित्रात किमान तीन प्रकारचे बाण लागतात: विनंती, उत्तर आणि पैसे. तिन्ही एकसारखे काळे काढले की वाचणारा गोंधळलाच म्हणून समजा.

बाण बदलायचा कसा?

ड्रॉ डॉट आयओ हे ब्राउझरमध्ये फुकट चालणारं टूल घेऊ. जोडरेषा निवडली की उजवीकडच्या पॅनेलमध्ये 'स्टाइल' हा टॅब दिसतो. तिथेच रंग, जाडी आणि सलग की तुटक रेषा हे ठरवता येतं. 'लाइन स्टार्ट' आणि 'लाइन एंड' या दोन यादींमधून रेषेच्या दोन्ही टोकांचे आकार निवडायचे. रेषेवर डबल क्लिक केलं की मजकूर लिहिता येतो. व्हिजिओ किंवा पॉवरपॉइंटमध्ये हीच सोय 'फॉरमॅट शेप'मधल्या 'लाइन'खाली, 'बिगिन ॲरो टाइप' आणि 'एंड ॲरो टाइप' या नावांनी मिळते.

इथे एक चूक हमखास होते. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने रेषेची दिशा तुम्ही ती कुठून ओढायला सुरुवात केली त्यावर ठरते, टोकाला दिसणाऱ्या बाणावर नाही. रेषा उलटी ओढली गेली, तर अनेक जण एका टोकाचा बाण काढून दुसऱ्या टोकाला लावतात. दिसायला ठीक दिसतं. पण पुढे 'फ्लो ॲनिमेशन' चालू केलं की ठिपके बाणाच्या विरुद्ध दिशेने पळायला लागतात! त्यापेक्षा 'अरेंज' टॅबमधलं 'रिव्हर्स' बटण दाबावं, त्याने रेषाच उलटते.

हे ॲनिमेशन रीलसाठी छान दिसतं आणि एसव्हीजी फाइलमध्ये टिकतं. पीएनजी म्हणून सेव्ह केलं की हालचाल गेली. त्यामुळे स्थिर चित्रातही दिशा कळेल याची काळजी आधीच घ्यायला हवी.

दोन टोकांचा बाण नको

'जाणं-येणं' दाखवायला एकाच रेषेला दोन्हीकडे बाण लावायचा मोह होतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टॉम डिमार्को, तसंच गेन आणि सार्सन यांच्या पुस्तकांमुळे डेटा फ्लो डायग्राम रुळले. त्या पद्धतीत प्रत्येक बाणावर जाणाऱ्या डेटाचं नाव लिहितात. ते नाव लिहायला बसलं की दोन टोकांच्या बाणाची अडचण लगेच कळते. एनपीसीआयकडून बँकेकडे जाते ती 'रक्कम वजा करण्याची विनंती', परत येतो तो 'होकार किंवा नकार'. गोष्टी दोन, म्हणून बाणही दोन. विनंतीला सलग रेषा, उत्तराला तुटक. यूएमएलच्या सीक्वेन्स डायग्राममध्येही उत्तर तुटक रेषेनेच दाखवतात.

यूएमएलमध्येच अवलंबित्वाचा बाणही तुटक असतो आणि तो फसवा आहे. ॲप बँकेच्या सर्व्हरवर अवलंबून असतं, म्हणून तो बाण ॲपकडून सर्व्हरकडे जातो. खात्यातली शिल्लक मात्र सर्व्हरकडून ॲपकडे येते. दोन्ही एकाच चित्रात घालायचे असतील तर कोपऱ्यात कोणता बाण कशाचा हे लिहावंच. फक्त लाल-हिरव्या रंगांवर भिस्त ठेवू नये. काहींना त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही आणि झेरॉक्समध्ये तर कुणालाच दिसत नाही.

दिशा चुकली की पैसे जातात

'हा कोड स्कॅन करा, पिन टाका, तुमच्या खात्यात ५,००० रुपये येतील.' ही फसवणूक अजूनही चालते. वरचं चित्र नीट काढलं तर त्यात पिनचा बाण एकाच वाटेने जाताना दिसतो, पैसे देणाऱ्याच्या फोनमधून त्याच्याच बँकेकडे. पैसे घेणाऱ्याच्या बाजूला पिनचा बाण कुठेच नाही, कारण पैसे मिळवायला पिन लागतच नाही. समोरच्याने पाठवलेली पैशांची मागणी मंजूर करायला लावूनही लोकांना गंडवलं जायचं. व्यक्तींमधल्या अशा 'कलेक्ट' विनंत्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करायला सांगितल्या.

बाजारातल्या विक्रेतीला जास्त भेडसावतो तो प्रकार वेगळा. गर्दीच्या वेळी ग्राहक 'पेमेंट झालं'चा स्क्रीनशॉट दाखवतो आणि मासळी घेऊन निघून जातो. चित्रात बघा: स्क्रीनशॉटचा बाण ग्राहकाच्या फोनमधून निघून थेट तिच्या डोळ्यांपर्यंत येतो, वाटेत एकही बँक नाही. तिच्या बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून येणारा बाण वेगळा, तो साउंडबॉक्सवर किंवा तिच्या स्वतःच्या ॲपमध्ये पोहोचतो.