रोजकीर्द ते मोबाईल : टिपण कोणाच्या हाती?

आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोबाईलमधल्या टिपणवहीवर काय बोलणार? पण हा विषय मला इतिहासाचा वाटतो, आणि थोडा तत्त्वज्ञानाचाही. आज काय करायचं, कोणाला काय द्यायचं, कोणाकडून काय यायचं, हे लिहून ठेवायची गरज मोबाईलने निर्माण केलेली नाही. ती जुनी आहे. आपल्या मराठी मुलखात तिची उत्तरं कशी शोधली गेली, ते आधी पाहू. मग आपल्या बीड जिल्ह्याकडे येऊ.

सुरुवात शब्दांपासून करू. टिपण, टाचण, याद, नोंद, कीर्द, खतावणी, तेरीज. एवढे वेगवेगळे शब्द भाषेत आहेत, याचा अर्थ एवढी वेगवेगळी कामं लोक करत होते. टिपण म्हणजे ऐकता ऐकता टिपून घेतलेलं. टाचण म्हणजे टाचून ठेवलेलं. आपले शाळामास्तर आजही पाठाचं टाचण काढतात. आणि कीर्द-खतावणी तर व्यापाऱ्याच्या दुकानातली.

ही कीर्द-खतावणी नीट समजून घ्या, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली तिच्यात आहे. रोजकीर्द म्हणजे दिवसभरात जे घडलं ते घडेल त्या क्रमाने लिहायचं. सकाळी तेलाचा डबा विकला, दुपारी हमाली दिली, संध्याकाळी कोणी उधारी फेडली. क्रम फक्त वेळेचा. विचार करत बसायचं नाही, लिहून मोकळं व्हायचं. नंतर निवांतपणी त्याच नोंदी खतावणीत उतरवायच्या. तिथे क्रम वेळेचा नाही, खात्याचा. अमक्याचं खातं वेगळं, हमालीचं वेगळं. आणि शेवटी तेरीज, म्हणजे गोषवारा, एकूण बेरीज.

आता मोबाईलमधलं कोणतंही टिपणाचं अॅप उघडा. एव्हरनोट २००८ साली लोकांसमोर आलं, गुगल कीप २०१३ साली. नंतर आणखी कितीतरी आली. त्यांची शिकवणी देणारे लोक काय सांगतात? सुचेल ते आधी एका जागी टाका, नंतर विषयवार लावा, आठवड्याने आढावा घ्या. म्हणजे कीर्द, खतावणी, तेरीज! हे आपल्या वाण्याने त्यांना शिकवलं असं मी म्हणत नाही. उगाच अभिमान नको. मनुष्याच्या कामाची घडणच तशी आहे. घडताना घटना वेळेच्या क्रमाने घडतात, लागताना मात्र त्या विषयाच्या क्रमाने लागतात. या दोन क्रमांमधला पूल म्हणजे टिपण. तो पूल नसला की माणूस म्हणतो, "कुठंतरी लिहिलं होतं बघा, सापडत नाही."

पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात हेच काम राज्याच्या मापाने चालत असे. मोडी लिपी त्यासाठीच सोयीची होती. आधी ओळभर रेघ मारायची आणि बोरू फारसा न उचलता लिहीत जायचं. वेग महत्त्वाचा. कागद रुमालात बांधले जात, म्हणून दफ्तराची मोजणी आजही रुमालांत होते. १८१८ साली पेशवाई गेली आणि हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. मग काय झालं? १८५२ साली इनाम कमिशनला कायद्याचा आधार मिळाला. ज्या कागदांवर इनामं दिली गेली होती, तेच कागद इनामं तपासायला आणि अनेकांची काढून घ्यायला वापरले गेले. कागद तेच, अक्षर तेच. फक्त ज्याच्या कपाटात होते तो मालक बदलला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडं मागे जाऊ. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. कसं? चक्रधरस्वामींच्या आठवणी नागदेवाचार्यांकडून घेतल्या, आणि ज्यांनी ज्यांनी त्या लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन पडताळून घेतल्या. टिपणाचं एवढं शिस्तीचं काम त्या काळात दुर्मिळच म्हणायचं. पण पुढे यादवांचं राज्य मोडलं त्या धामधुमीत मूळ पोथी गेली. शिष्यांना ज्याचं त्याचं पाठ होतं, त्यावरून ती पुन्हा उभी करावी लागली. त्यामुळे एकाचे अनेक पाठ झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर दुसरी प्रत वेळेवर काढलेली नव्हती.

महानुभावांचीच आणखी एक गोष्ट. आपले ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून त्यांनी ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथ सुरक्षित राहिले खरे, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिप्या उलगडेपर्यंत बाकीच्या मराठी जगाला ते जवळजवळ बंदच होते. कुलूप चांगलं होतं, किल्ली थोड्यांच्याच हाती होती. आज घरातल्या कर्त्या माणसाच्या मोबाईलला पासवर्ड असतो आणि तो अचानक गेला की घरच्यांना बँकेचं खातंसुद्धा सापडत नाही. प्रश्न तोच आहे.

आणि आता आपल्या अंबाजोगाईला येऊ. दासोपंत, १५५१ ते १६१५. गीतार्णवाची सव्वा लाख ओवी त्यांच्या नावावर सांगितली जाते. रोजच्या लेखनाला त्यांना ढब्बू पैशाची शाई लागे, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्या; पण रोज बसून लिहिणारा माणूस लोकांच्या मनात कसा राहतो, ते तिच्यातून कळतं. या दासोपंतांनी पंचीकरणासारखा किचकट वेदान्तविषय कागदावर न लिहिता कापडावर लिहिला. तीच प्रसिद्ध पासोडी. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद. मी वर्गात पंचीकरण शिकवायचो तेव्हा मुलांना सांगायचो, पाच महाभूतं एकमेकांत कशी मिसळतात हे पोथीचं एकेक पान उलटून डोळ्यांपुढे उभं राहत नाही. ते पसरून बघावं लागतं. हल्लीच्या काही अॅपमध्ये न संपणारा फळा असतो, कुठेही लिहा, कुठेही सरका. पासोडी म्हणजे तसाच फळा. मात्र एक फरक आहे. पासोडी चारशे वर्षं टिकली. ती वाचायला वीज लागत नाही, आणि कोणाची परवानगी लागली तर ती फक्त ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली त्यांची.

इथे तत्त्वज्ञानाचा एक मुद्दा मांडतो, कंटाळू नका. प्लेटोच्या फीड्रस संवादात सॉक्रेटिस एक इजिप्तची कथा सांगतो. थ्यूथ नावाचा देव लिपी शोधून काढतो आणि राजाला म्हणतो, हे स्मृतीचं औषध आहे. राजा म्हणतो, उलट, याने लोक विसरायला लागतील. आज मोबाईलबद्दल घराघरांतले आजोबा हेच म्हणतात. आपल्या न्यायशास्त्रानेही स्मृतीला फार वरचं स्थान दिलं नाही. अनुभव वेगळा, स्मृती वेगळी. स्मृती ही नुसत्या संस्कारातून उठते, म्हणून यथार्थ ज्ञानाच्या पंक्तीत तिला बसवलं नाही. पण धर्मशास्त्राला न्यायनिवाडा करायचा होता. तिथे भाषा बदलते. याज्ञवल्क्यस्मृतीत पुरावा तीन प्रकारचा सांगितला आहे : लिखित, भुक्ती आणि साक्षी. म्हणजे कागद, कब्जा आणि माणूस. माझ्या नुसत्या आठवणीला तिथे जागा नाही. मला आठवतं म्हणून कोणी मला शेत देणार नाही. म्हणजे टिपण हे विसरू नये म्हणून असतंच, पण दुसऱ्याला नाकारता येऊ नये म्हणूनही असतं. थ्यूथ आणि तो राजा, दोघांच्या वादात हा दुसरा भाग आलाच नाही.

याचा दाखला आपल्या मराठवाड्यात ताजा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निजामकालीन कागदांत कुणबी अशा नोंदी आहेत का, ते शोधण्यासाठी. आरक्षणाच्या वादात मी आज शिरत नाही. मला दिसते ती एक गोष्ट : तहसीलच्या, शाळांच्या, जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या काढल्या गेल्या, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. कधीकाळी कोणा कारकुनाने, कदाचित घाईत, एका रकान्यात एक शब्द लिहिला. ज्याच्याबद्दल लिहिला त्याने तो कधी पाहिलाही नसेल. आणि आज त्याचा पणतू तो शब्द शोधतो आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. टिपण कसं ठेवावं यापेक्षा टिपण कोणाच्या हाती असावं, हा खरा प्रश्न आहे. आणि आपल्या बीडइतका तो दुसरीकडे क्वचितच टोचत असेल.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला किती माणसं बाहेर पडतात, हे तुम्हाला सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर तोडून ती फेडायची. उचल किती घेतली, किती टन तोडले, कोणत्या दिवशी खाडा पडला, त्याचे किती कापले, मध्ये दवाखान्याला किती घेतले. हा सगळा हिशेब असतो. असतो कुठे? बहुतेक वेळा मुकादमाच्या वहीत. हंगाम संपताना तो वही उघडतो आणि सांगतो, अजून एवढे फिटायचे आहेत. समोरच्या जोडीजवळ काय असतं? आठवण. आणि आठवणीची किंमत आपण आताच पाहिली. सगळे मुकादम खोटं लिहितात असं मी म्हणत नाही. मुकादमसुद्धा कारखान्याच्या आणि टोळीच्या कात्रीत असतो. उचल घेऊन माणसं आली नाहीत तर तोही बुडतो. पण वही एकाच बाजूला असली की प्रामाणिक हिशेबही संशयाचा होतो आणि खोटा हिशेब पकडता येत नाही.

म्हणून ज्या घरात स्मार्टफोन आहे आणि लिहिता-वाचता येणारं एखादं पोर आहे, त्या घरासाठी टिपणाचं अॅप ही चैन नाही. दुसरी वही आहे. उचल घेतली त्या दिवशी तारखेसह रक्कम लिहा, कोणासमोर घेतली ते लिहा. वजनाची पावती दिसली की फोटो काढून त्याच पानाला जोडा. खाडा पडला तर कारण लिहा. लिहिणं जमत नसेल तर मराठीत बोला, फोन लिहून घेतो. जमलं तर आठवड्याला एकदा ते पान मुकादमाच्या नंबरवर पाठवा. भांडण म्हणून नको, हिशेब म्हणून. दोन वह्या जुळल्या तर दोघांचंही बरं.

शेतकऱ्यांच्या बाबतीत असं एक पाऊल पडलं आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. आधी पीकपेरा तलाठी नोंदवायचा. आता शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून फोटोसह नोंद करू शकतो. नेटवर्क मिळत नाही, अॅप अडतं, म्हाताऱ्या माणसाला जमत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. तरी सातबाऱ्यावरच्या एका रकान्यात लिहिण्याचा अधिकार ज्याचं शेत त्याच्या हातात आला, ही इतिहासाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

पण सावध राहा. पेशवे दफ्तराची गोष्ट आठवा. तुमची टिपणं तुमच्या फोनवर दिसतात, पण बहुतेक वेळा ती राहतात दुसऱ्याच्या कपाटात. एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीस फुकट वापरणाऱ्यांना पन्नास टिपणांची मर्यादा घातली. ते त्यांचं दुकान आहे, त्यांनी काय करावं तो त्यांचा प्रश्न. पण वर्षानुवर्षांची टिपणं एका दुकानात ठेवणाऱ्याने हे गृहीतच धरलं पाहिजे. म्हणून महिन्याला एकदा तेरीज काढा. महत्त्वाचं तेवढं एका साध्या वहीत हाताने उतरवा, किंवा छापून घ्या. आणि घरातल्या आणखी एका माणसाला किल्ली माहीत असू द्या.

बाकी अॅप कोणतं, ते तुमचं तुम्ही ठरवा. ज्याच्यात मराठीत लिहिता येतं, मराठीत शोधता येतं आणि लिहिलेलं बाहेर काढता येतं, ते चांगलं. रंग, खुणा, चिन्हं यांच्या मागे फार लागू नका. मांडणीतच दिवस गेला तर नोंदवायला काम उरत नाही.

हजार वर्षांत आपल्याकडे लिहिणारे चिटणीस, फडणीस, कुलकर्णी, तलाठी, मुकादम होऊन गेले. त्यांनी लिहिलं म्हणून आज आपल्याला इतिहास आहे, हे ऋण मान्यच आहे. पण ज्यांच्याबद्दल लिहिलं गेलं त्यांच्या हातात लेखणी फार क्वचित आली. आता त्यांच्या खिशात ती आली आहे. पुढच्या हंगामाला निघणाऱ्या एखाद्या जोडीने उचलीच्या दिवशीच तारीख टाकून दोन ओळी लिहिल्या, तर आजचं बोलणं कामी आलं असं मी समजेन. आता तुमचे प्रश्न घेऊ.