केजन चव शहरात शिजली

न्यू ऑर्लिन्स हे अमेरिकेतलं खवय्यांचं जुनं शहर. तिथलं आंत्वान्स हे रेस्टॉरंट १८४० मध्ये सुरू झालं. फ्रेंच वळणाचे सॉस, कालवं आणि अदबशीर वाढपी असा त्याचा थाट, आणि या नागर परंपरेला तिथे ‘क्रिओल’ म्हणतात. त्याच लुइझियाना राज्यात, पश्चिमेला दलदलीपलीकडे राहणाऱ्या केजन लोकांच्या रांधण्याला मात्र शहरातल्या टेबलावर मानाची जागा मिळायला १९७० चं दशक सरत आलं. आज ‘केजन’ म्हटलं की लाल मसाला, मोठ्याने वाजणारं संगीत आणि दाराबाहेरची रांग आठवते, आणि लगेच तक्रार येते, की शहराने खेड्यातलं अस्सल खाणं बाटवलं. मला ही तक्रार उलटी वाटते. खेड्यात रांधणं होतं. पण ‘केजन पाककला’ नावाची स्वतंत्र, मिरवण्याजोगी गोष्ट घडवली ती शहरातल्या रेस्टॉरंटने.

हे पटायला या लोकांची अवस्था पाहावी लागते. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातले हे फ्रेंचभाषक शेतकरी. ब्रिटिश राजनिष्ठेची बिनशर्त शपथ घ्यायला ते तयार होईनात, म्हणून १७५५ पासून त्यांना हजारोंच्या संख्येने जहाजांत कोंबून हाकलण्यात आलं. त्यांतले काही १७६० च्या दशकात लुइझियानात पोचले. १७८५ मध्ये तिथल्या स्पॅनिश राजवटीने फ्रान्समधून सात जहाजं भरून आणखी सुमारे सोळाशे जण आणवले. बायूंच्या, म्हणजे संथ वाहणाऱ्या ओढ्यांच्या काठी आणि पुढे गवताळ माळावर त्यांनी घरं थाटली. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली आणि पोरांना घरची फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागली. १९८० मध्येसुद्धा एका कामगाराला केजन म्हणून होणाऱ्या हेटाळणीविरुद्ध कोर्टात जावं लागलं; त्या खटल्यात केजनांना भेदभावविरोधी कायद्याचं संरक्षण असलेला वांशिक गट मानलं गेलं. ज्या नावाची अशी टवाळी होत होती, ते नाव दारावर लावून हॉटेल काढायचं कुणाला सुचणार? डुक्कर मारलं की शेजारपाजार जमायचा, त्यातून बुदँ नावाची भाताची सॉसेजं व्हायची. क्रॉफिश हे गोड्या पाण्यातलं शेवंडासारखं दिसणारं चिमुकलं जनावर वसंतात ढिगाने उकडलं जायचं. हे सगळं अंगणातलं. पैसे मोजून खायची गोष्ट ती नव्हतीच.

बदल एका झटक्यात झाला नाही. १९६८ मध्ये राज्याने लुइझियानातल्या फ्रेंचच्या जतनासाठी सरकारी संस्था काढली. १९७३ मध्ये अचाफलाया दलदलीवरून सुमारे एकोणतीस किलोमीटरचा महामार्ग-पूल झाला आणि केजन मुलुख मोटारीच्या टप्प्यात आला. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळल्यावर तेलावर विसंबलेल्या राज्याला पर्यटकांची गरज पडली. या सगळ्यांच्या मधोमध ओपलूसस गावाजवळच्या गरीब घरातला, तेरा भावंडांतला धाकटा पॉल प्रूडोम उभा राहिला. आधी त्याने न्यू ऑर्लिन्सच्या कमांडर्स पॅलेस या मातब्बर क्रिओल रेस्टॉरंटचा मुदपाकखाना सांभाळला. मग १९७९ मध्ये बायकोबरोबर त्याच शहराच्या फ्रेंच क्वार्टर भागात ‘के-पॉल्स’ काढलं. जागा लहान, आगाऊ नोंदणी नाही, आणि अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. पंक्तीची सवय असलेल्यांना यात विशेष वाटणार नाही. आंत्वान्सच्या शहरात मात्र हे बंडच होतं. ती गर्दी, तो गलका म्हणजे निव्वळ धंद्याची क्लृप्ती नव्हती. केजन घरी पाहुणचार जसा व्हायचा, त्याची ती शहरी नक्कल होती. तिकडे केजन मुलुखातल्या ब्रो ब्रिज गावात १९८० मध्ये सुरू झालेल्या म्युलेट्स या रेस्टॉरंटमध्ये जेवणाबरोबर वाद्यवृंद आणि नाच असे. घरोघरच्या जुन्या नाचांना तिथे छप्पर मिळालं.

पहिला आक्षेप असा, की प्रूडोमचा गाजलेला ‘ब्लॅकन्ड रेडफिश’ कुठल्याही केजन आजीने कधी केला नव्हता. खरं आहे. माशाची तुकडी वितळलेल्या लोण्यात बुडवायची, तिला तिखट-पाप्रिका-थाइम-लसणीचा मसाला फासायचा आणि पांढऱ्या पडेस्तोवर तापलेल्या बिडाच्या कोरड्या तव्यावर टाकायची. साध्या घरात हे केलं तर धुराने सगळे बाहेर पळतील. घरी हाच मासा टोमॅटोच्या रश्शात शिजायचा, आणि घरचं जेवण एवढं जळजळीतही नसे. पण हा आक्षेप माझंच म्हणणं पक्कं करतो. ज्या पदार्थाने केजन हे नाव देशभर नेलं, तो व्यावसायिक चुलीशिवाय जन्मलाच नसता. तो करणारा हात मात्र केजन होता, आणि परंपरेतल्या माणसाला नवं करण्याचा हक्क नाकारणं म्हणजे परंपरेलाच काचेच्या कपाटात ठेवणं.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. ‘केजन’ या एका पाटीखाली इतरांची कमाई झाकली गेली. गंबो या दाट रश्श्यातली भेंडी आफ्रिकेतून आली. १७१९ च्या सुमारास भाताचं बियाणं आणि भातशेती जाणणारी गुलाम माणसं बरोबरच लुइझियानात आणली गेली. रस्सा दाट करणारी सॅसफ्रास झाडाच्या पानांची पूड चॉक्टॉ या तिथल्या मूलनिवासी लोकांनी दिली. कृष्णवर्णीय क्रिओल घरांतही हेच पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या रांधले जात. न्यू ऑर्लिन्समध्ये लिआ चेस यांचं ‘डूकी चेस’ हे रेस्टॉरंट १९४० च्या दशकापासून चालू होतं, आणि वर्णभेदाच्या काळात नागरी हक्कांची चळवळ करणारे तिथे माडीवर बैठका घेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस जाहिरातींनी जो केजन रंगवला, तो गोरा आणि गमत्या होता. इथे रेस्टॉरंट दोषी आहे, पण दोष चवीचा नाही, हिशेबाचा आहे.

आणि माशाचाही हिशेब द्यावा लागला. देशभरातल्या स्वयंपाकघरांत तोच तवा तापू लागला, तशी मेक्सिकोच्या आखातात रेडफिशची लूट सुरू झाली, इतकी की १९८६ मध्ये केंद्र सरकारला तिथल्या आपल्या हद्दीतली या माशाची व्यापारी मासेमारी थांबवावी लागली. मग मसाला दुसऱ्या माशांवर गेला, तिथून कोंबडीवर आणि कोळंबीवर. हा प्रवास मुंबई-पुण्यापर्यंत आला आहे. आपल्याकडच्या ग्रिल-बुफेत तळलेल्या बटाट्यांवर मेयोनेजची गुलबट धार सोडून त्यांना ‘केजन पोटॅटो’ म्हणतात. लुइझियानाच्या अंगणात हा पदार्थ शोधून सापडणार नाही, आणि प्रूडोमच्या बाजूने दिलेली सबब इथे चालणार नाही: बायूकाठचा एकही हात या बटाट्याला लागलेला नाही.