हातमोजे नेमके कोणाचे रक्षण करतात?

शस्त्रक्रियेतील रबरी हातमोजे जंतूंना अडवण्यासाठी जन्माला आले, असे आपण सहज गृहीत धरतो. इतिहास वेगळे सांगतो. ते आले एका परिचारिकेचे हात वाचवण्यासाठी.

१८८९ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलिन हॅम्प्टन या शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका होत्या. त्या काळी निर्जंतुकीकरणासाठी हात मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवावे लागत. त्याने त्यांच्या हातांची त्वचा सोलवटू लागली. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी त्यांच्यासाठी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ हातमोजे बनवून घेतले. हळूहळू इतर सहकारीही ते वापरू लागले. १८९९ मध्ये हॉल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी हर्नियाच्या साडेचारशेहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा हातमोज्यांमुळे जखमांतील संसर्ग झपाट्याने घटल्याचे स्पष्ट झाले. हातासाठी आलेली वस्तू रुग्णालाही तारत होती. ते ध्यानात यायला दहा वर्षे लागली.

पुढे कित्येक दशके हेच हातमोजे धुऊन, वाफेने निर्जंतुक करून पुन्हा पुन्हा वापरले जात. एकदा वापरून टाकून देण्याचे हातमोजे १९६० च्या दशकात आले; भारतातील अनेक रुग्णालयांत मात्र पुनर्वापर त्यानंतरही टिकून राहिला. चित्र पालटले ते एड्सच्या साथीने. १९८६ मध्ये चेन्नईत भारतातील पहिले एचआयव्ही-बाधित आढळले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्यच मानावे, असे सुचवले आणि जगभर हातमोज्यांची मागणी एकाएकी वाढली.

पण हे कवच कितपत अभेद्य आहे? प्रमाणित चाचणीत हातमोज्यात एक लिटर पाणी भरून गळती पाहतात. नमुन्यातील ठरावीक अल्प प्रमाणात सदोष हातमोजे मानकांनाही मान्य असतात. शिवाय येथे भौतिकशास्त्र आडवे येते. २० मायक्रॉन व्यासाच्या छिद्रातून पृष्ठताण पाण्याला बाहेर पडू देत नाही. हातमोजा चाचणीत उत्तीर्ण होतो. एचआयव्हीचा विषाणू मात्र सुमारे ०.१ मायक्रॉनचा, म्हणजे त्या छिद्राच्या दोनशेव्या भागाएवढा. यावरून हातमोजा निरुपयोगी ठरत नाही. अखंड रबर विषाणूला उत्तम अडवते आणि सुई टोचली तरी तिच्यावरचे काही रक्त रबरावरच पुसले जाते. हातमोजा धोका घटवतो, शून्यावर आणत नाही, एवढाच याचा अर्थ.

दुसरी मर्यादा रबराची नाही, आपली आहे. २०२० मध्ये बाजारात कित्येक जण हातमोजे घालून फिरत होते. त्याच हातांनी ते नोटा मोजत, मोबाइल धरत आणि नाक खाजवत. न बदललेला हातमोजा म्हणजे न धुतलेला हातच. फरक इतकाच की तो घालणाऱ्याला आपण स्वच्छ आहोत असे वाटत राहते. म्हणूनच रुग्णागणिक हातमोजे बदलावेत आणि ते काढल्यावर हात धुवावेत, असे जागतिक आरोग्य संघटना बजावते.

वापरलेल्या हातमोज्याचा प्रवास कचऱ्याच्या डब्यापाशी संपत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार तो लाल पिशवीत जायला हवा. तो चुकीच्या पिशवीत गेला, तर जोखीम संपत नाही. ती डॉक्टरांच्या हातून सफाई कामगाराच्या हाती जाते, आणि त्याच्या हातात हातमोजा असेलच असे नाही.

व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले. हातमोजे आले ते त्यानंतर चार दशकांनी. ते हात धुण्याच्या सोबतीला आले होते, त्याची जागा घ्यायला नव्हे.